पाच आणि सातच्या वायरी

माझ्या खोलीत खिडकीशेजारी एक फळी आहे. तिच्यावर वीतभर लांबीची निळी गाडी उभी असते. अमेरिकन, दोन दरवाज्यांची, नाक लांब आणि मागचा भाग बसका. असल्या गाड्यांना मसल कार म्हणतात हे मला काकांनी सांगितलं. मसल म्हणजे दंडाची बेटकुळी, हेही त्यांनीच बाही वर करून दाखवलं. बेटकुळी काही उरली नव्हती. त्यांचं त्यांनाच हसू आलं.

काका म्हणजे माझे घरमालक. रोह्यात त्यांच्या घरामागे एक खोली आहे, तिच्यात मी नऊ वर्षं राहतोय. माझं गाव इथून फार लांब, मेहकरच्याही पलीकडे. आठवीत चार महिने शाळेत गेलो आणि मग गेलोच नाही. कारण विचाराल तर एक असं नाही. शाळा लांब होती, गणित जमत नव्हतं, आणि मी जात नाही हे घरात कुणाच्या लक्षात यायलाच महिना लागला. मामा ट्रकवर होता. त्याने मला पेणला आणून एका गणपतीच्या कारखान्यात सोडलं. तिथे आधी मूर्ती घासल्या, मग दागिने रंगवले, आणि सहाव्या वर्षी डोळ्यांच्या आखणीला बसलो. पुढे पाठीने दगा दिला. दिवसभर मांडी घालून बसणं होईना, म्हणून रोह्याला एका कंपनीत पॅकिंगला लागलो. गणपतीच्या आधीचे दोन महिने मात्र सुट्टीच्या दिवशी अजूनही पेणला जातो. हात विसरू नये म्हणून.

काका-काकूंनी मला काय काय दिलं ते सांगत बसलो तर दुसरं काही सांगून होणार नाही. एकच सांगतो. मला कावीळ झाली तेव्हा काकूंनी महिनाभर पेज आणि उकडलेल्या भाज्या खोलीवर आणून दिल्या, आणि नंतर कधी त्याचा उल्लेखही केला नाही. मी तसा घाबरट माणूस. कुलूप लावून फाटकापर्यंत जातो आणि परत येऊन ओढून बघतो. काकूंना हे पाठ होतं. "लागलंय, जा," असं त्या आतूनच सांगायच्या.

गाडीचा डबा काकांच्या मुलीने परदेशातून पाठवला. काकांनी मागवला होता. आत शंभराच्या वर प्लास्टिकचे तुकडे, एकेका चौकटीला चिकटलेले, आणि इंग्रजीतला एक कागद. काका तरुणपणी बहारीनला एका गॅरेजमध्ये होते. असली खरी गाडी त्यांनी तिथे खोलून जोडलेली. पण आता त्यांना कंपवात होता. चहाची बशी ओठापर्यंत नेताना अर्धा चहा लेंग्यावर सांडायचा. एका रविवारी त्यांनी मला ओट्यावर बोलावलं, डबा पुढे सरकवला आणि म्हणाले, "बाला, हात तुझा नि डोकं माझं. जमंल काय?"

मी म्हणालो, जमेल. त्यांना नाही म्हणणं मला जमलंच नसतं.

बाहेरची गाडी आठ दिवसांत झाली. तिच्यात काकांना फारसा रस नव्हता. निळा रंग कुठला लावू विचारलं तर म्हणाले, निळा असला म्हणजे झालं. त्यांचा सगळा जीव बोनेटखाली. कागदावर इंजिनाचं काम चार ओळींत संपवलं होतं. काकांनी तो कागद घडी करून उशीखाली टाकला आणि स्वतः सांगायला सुरुवात केली.

पहिल्यांदा मी इंजिनाला नारिंगी रंग दिला. माझ्या मते उत्तम दिला. दोन हात, वर चमक. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, इंजिन नाकाशी नेलं आणि विचारलं, "ही काय पूजेला बसवायची हाय?"

मला कळेना.

"चालवलेली गाडी हाय रे ही. तेल पडलेलं, धूळ बसलेली, सायलेन्सरची नळी तापून करपलेली. तू तर इंजनाला आंघोळ घालून टिळा लावलायस."

काकू आतून हसल्या. मग मी सगळी चमक मारली. काळ्यात तपकिरी कालवून, पाणी घालून पातळ केलं आणि खाचाखाचांत सोडलं, आपण मूर्तीच्या केसांत सावली सोडतो तसं. नळ्यांना गंजाचा रंग दिला, आणि जिथे त्या इंजिनाला जोडतात तिथे किंचित जांभळट निळा. लोखंड तापून तापून तसं होतं, काका म्हणाले. हे मला हळूहळू आवडायला लागलं. कारखान्यात आम्ही वस्तू नवी दिसावी म्हणून झटायचो. इथे ती वापरलेली दिसावी म्हणून तितकंच झटावं लागत होतं.

मग वायरी आल्या. त्या डब्यात नव्हत्याच. विजेच्या जळक्या मोटरच्या गुंडाळीतली केसासारखी तार काढून मी तिला काळा रंग दिला. इंजिनाला आठ नळकांडी, एक-तीन-पाच-सात डावीकडे, दोन-चार-सहा-आठ उजवीकडे. प्रत्येकाला एक प्लग. मागच्या बाजूला एक गोल डबी, तिच्यातून आठ वायरी निघून आठ प्लगांना ठिणगी पोचवतात. ही ठिणगी ओळीने जात नाही. तिचा एक ठरलेला क्रम असतो आणि तो काकांना श्लोकासारखा पाठ होता. एक, आठ, चार, तीन, मग जरा थांबून, सहा, पाच, सात, दोन. ते थांबणं नेहमी तिथेच.

"आता हे नीट ऐक," काका म्हणाले. "पाच नि सात. दोघं शेजारी बसतात नि एकामागोमाग एक पेटतात. त्यांच्या वायरी कधी लागून न्यायच्या नाय. पाचची ठिणगी सातमधे उडी मारते. गाडी मिसिंग मारते, झटके खाते, नि जास्त चालवली तर पिस्टन जळतो. तीनची वायर दोघांच्या मधे घाल."

मी घातली. दिसायला ते वाईट दिसत होतं. उजवीकडच्या चार वायरी एका रेषेत, आणि डावीकडे एक वायर दुसरीवरून उडी मारून मधेच घुसलेली. मी काकांना तसं म्हणालोसुद्धा. त्यावर त्यांनी बहारीनची एक गोष्ट सांगितली. काकू तेव्हा देवळात गेल्या होत्या. मला वाटतं त्याचसाठी त्यांनी ती वेळ धरली.

बहारीनला काका एकटे गेले नव्हते. गडबचा एक जोडीदार बरोबर होता. काकाही मूळ गडबचेच. दोघं एका खोलीत, एका गॅरेजात. मालकाच्या मुलाची अशीच निळी गाडी कामाला आली. जोडीदाराने प्लग बदलले आणि काकांनी वायरी लावल्या. काकांनी त्या चारचारच्या ओळीत सुंदर बसवल्या आणि क्लिपांनी बांधल्या. जोडीदार म्हणाला, पाच-सात वेगळ्या कर. काकांनी उत्तर दिलं, बघ की किती सुंदर दिसतंय. दोन दिवसांनी पिस्टन जळला. कामाच्या वहीत त्या दिवशी जोडीदाराचं नाव होतं. मालकाने विचारलं तेव्हा तो काकांकडे बघत होता. काका खाली बघत होते. आठवड्यात त्याला घरी पाठवलं. काका पुढे अकरा वर्षं राहिले. हे घर त्यातलंच.

"मला तेव्हा खरंच वाटलं, माझी चूक नाय," काका म्हणाले. "दोन महिन्यांनी एका म्हाताऱ्या फोरमनने दाखवलं. तेव्हा समजलं. मग बोलायला पायजे होतं."

ही गाडी त्या जोडीदाराला द्यायची, असं ते म्हणाले. मी विचारलं, बरोबर काय सांगायचं?

"काय सांगायचं नाय. तो बोनेट उघडील. पाच-सात बघंल. त्याला समजंल."

तेव्हा मला एक जुनी गोष्ट उलगडली. मी काकांना एसटीने पेणला औषधासाठी नेत असे. नागोठणं सोडून गडब आलं की काका चष्मा काढायचे आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसायचे. गाव मागे पडेपर्यंत. मी समजायचो, धूळ फार येते.

श्रावण सुरू झाला आणि काकांना न्यूमोनिया झाला. पनवेलच्या हॉस्पिटलात ठेवलं. मुलगी यायला निघाली. काकू तिकडे राहिल्या आणि मी शिफ्ट सुटली की डबा घेऊन रोह्याहून रेल्वेने जायचो. घर रिकामं. मला अशा वेळी हात गप्प ठेवता येत नाहीत. वाटायचं, काका बरे होऊन येतील तेव्हा गाडी तयार पाहिजे. त्या वेळी पेणच्या कारखान्यातही काम जोरात होतं, रविवारी मी तिथे बसत होतो, त्यामुळे हात त्याच वळणावर होता.

आमच्याकडे एक रीत आहे. मूर्ती कारखान्याबाहेर जायच्या आधी एक कारागीर तिच्यापुढे पाव तास बसतो. त्याला शेवटचा हात म्हणतात. हाराचा मणी तिरका असेल तर सरळ करायचा, सोंडेवरची रेघ हलली असेल तर सारखी करायची. गिऱ्हाईक समोरून बघतं, डावं-उजवं जुळलं पाहिजे, हे मालकांनी पहिल्या वर्षापासून डोक्यात बसवलेलं. वर्षानुवर्षं हे केल्यावर माणूस विचार करत नाही. डोळा वाकडं शोधतो आणि हात जातो.

मी गाडीला शेवटचा हात दिला. काचा पुसल्या. चाकं सारखी केली. बोनेट उघडलं, आणि ती मधे घुसलेली वायर डोळ्यात खुपली. चिमट्याने तिला तिच्या जागी नेलं, चारही वायरी विंचरल्यासारख्या ओळीत बसवल्या आणि हलू नयेत म्हणून मधे गोंदाचा ठिपका दिला. डावं-उजवं जुळलं. मला आठवतं, मी गाडी लांब धरून बघितली आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

काकांची गोष्ट मी विसरलो होतो का? नव्हतो. गोष्ट डोक्यात होती आणि हात वेगळीकडे होता. याहून चांगलं मला सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात काकांच्या तोंडावर मास्क होता. त्यांनी तो जरा बाजूला केला.

"झाली?"

"झाली काका. एकदम सफाईदार दिसतेय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. उजव्या हाताची दोन बोटं वर केली आणि फाकवली. मला वाटलं, पाणी पाहिजे. मी चमचाभर पाजलं. आज वाटतं, ते काही वेगळं सांगत असतील. नसतीलही. हात तर त्यांचा कायमच हलायचा. चौथ्या दिवशी ते गेले. मुलगी पोचली होती, एवढं समाधान.

काकांचे दिवस झाले, गणपती झाले, मुलगी परत गेली. मग एका सुट्टीच्या दिवशी मी गाडी डब्यात ठेवली, भोवती कापूस लावला आणि गडबला उतरलो.

घर सापडायला वेळ लागला नाही. हायवेला लागून, अंगणात जुने टायर. त्यांचं पंक्चरचं दुकान होतं, आता बंद. पलीकडे भाताला लोंब्या आल्या होत्या. काकांचे ते जोडीदार, आता म्हातारे बाबा, पडवीत खुर्चीवर होते, सडसडीत, काकांच्याच वयाचे. मी कुठून आलो ते सांगितलं. सुनेने पाणी दिलं.

"समजलं मला तो गेल्याचं," ते म्हणाले. "कोनतरी बोलला बाजारात."

मी डबा उघडून गाडी त्यांच्या मांडीवर ठेवली. काकांनी तुमच्यासाठी करून घेतली, इतकंच म्हणालो. त्यांनी निळा रंग बघितला आणि थांबले. मग अंगठ्याच्या नखाने बोनेट उचललं. हात अजिबात हलत नव्हता. आधी नळ्या बघितल्या. त्यांना तो करपलेला जांभळा आवडला असावा, कारण त्यावरून त्यांनी बोट फिरवलं. मग गाडी उजेडाकडे वळवली आणि बघत राहिले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. कुलूप ओढून बघतो तसा.

"इंजन कोनी केलं?"

"मी. काकांनी सांगितलं तसं."

हे मी अभिमानाने म्हणालो. ते वाक्य मी किती वेळा परत घेतलंय मनात.

"त्याने सांगितलं तसं," बाबा म्हणाले. बोनेट त्यांनी बंद केलं नाही. "चाळीस वर्सांनी बी ओळीतच लावल्या त्याने. मिसिंग मारंल ही."

तेव्हा मला दिसलं. माझ्याच हातचं मला तेव्हा दिसलं. काकांनी एकच गोष्ट सांगायला ठेवली होती, शब्दही न वापरता, आणि ती मी साफसफाईत पुसून टाकली होती.

मी म्हणालो, ही चूक माझी आहे, काकांनी वेगळ्या करायला लावल्या होत्या. त्यांनी मान हलवली. "मेलेल्याची बाजू घेऊ नको. चांगला हाय तो रिवाज, पन नको." मग माझ्याने राहवलं नाही. काही सांगायचं नाही असं काकांनी बजावलं होतं, तरी मी सगळं सांगितलं. प्लग, क्लिपा, सुंदर दिसतंय म्हटलेलं, खाली बघितलेलं, दोन महिन्यांनी तो फोरमन. शेवटी कारखान्याची रीतही सांगितली, शेवटच्या हाताची. सून दारात येऊन उभी राहिली आणि परत आत गेली.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"हे तो बोलला?"

"हो. माझ्यासमोर."

"माझ्यासमोर नाय बोलला."

हायवेवरून एक ट्रेलर गेला, त्याचा आवाज जाईपर्यंत ते थांबले. मग रस्त्याकडे हात करून म्हणाले, "रोह्याची एसटी हितूनच जाते. दिवसातनं किती वेळा जाते. माझं घर रस्त्याला हाय."

काका खिडकीशी बसून चष्मा पुसायचे, हे मी सांगणार होतो. पण त्याने काय झालं असतं?

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, चिमटा आहे का. माझ्या पिशवीत चिमटा, ब्लेड आणि शून्य नंबरचा ब्रश कायम असतो. त्यांनी गाडी दोन्ही हातांत घट्ट धरली आणि मी ब्लेडच्या टोकाने गोंदाचा ठिपका कापला. आधी सगळ्या वायरी तपासून घेऊ म्हणाले. डबीपासून प्लगापर्यंत एकेक वायर मी चिमट्याने दाखवायची आणि ते आकडा म्हणायचे.

एक, आठ, चार, तीन. मग ते थांबले. तिथेच थांबले. सहा, पाच, सात, दोन.

माझे डोळे भरून आले आणि समोरचं दिसेना. बाबांनी गाडी जराही हलवली नाही. मी डोळे पुसेपर्यंत ते तसेच धरून बसले. मग तीनची वायर उचलून मी पाच आणि सातच्या मधे घातली. परत ते वाकडं, डोळ्यात खुपणारं दिसायला लागलं.

"आता नीट चालंल," ते म्हणाले.

बोनेट त्यांनीच बंद केलं. गाडी त्यांनीच कापसात ठेवली, अगदी जपून, आणि डबा माझ्याकडे सरकवला.

"ने."

"काकांनी तुमच्यासाठीच केली होती."

"ठाऊक हाय. बघायचं ते बघितलं मी. ने आता."

मी उठलो. पाया पडलो तर त्यांनी खांद्याला हात लावला, डोक्यावर नाही. फाटकापर्यंत जाऊन मी मागे बघितलं. ते भाताकडे बघत होते.

रोह्याला काकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. माझ्या हातात डबा बघून त्यांचा हात थांबला.

"काय बोलला रे तो?"

"वायरी बरोबर करून घेतल्या त्यांनी," मी म्हणालो. "माझ्या हातून चुकल्या होत्या."

हे खरंच होतं. बाकीचं मी सांगितलं नाही. काकूंना ती गोष्ट किती ठाऊक आहे हे मला आजही माहीत नाही. त्यांनी झाकण उघडून गाडीकडे बघितलं, पदराने तिच्या टपावरून एकदा पुसलं आणि म्हणाल्या, "तुझ्याकडंच ठेव. मला बघवत नाय." मग पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या, पण खडे नुसते इकडून तिकडे सरकवत होत्या.

तेव्हापासून ती फळीवर आहे. धूळ मी बाहेरून झटकतो. बोनेट उघडत नाही. कधी कधी झोपताना शंका येते, वायर सरकली तर नसेल, आणि उठून बघावंसं वाटतं. हात मांडीखाली घालून बसतो मग.

पेणला जाणं चालूच आहे. एसटीत मी ज्या बाजूने ते घर दिसतं त्याच बाजूला बसतो, एवढं मात्र ठरवून करतो. बाबा बहुतेक पडवीत असतात. एसटी त्यांना दिसत असणार, मी दिसतो की नाही कोण जाणे. गाव आलं की कंडक्टर मागे बघून विचारतो, गडब हाय काय कोन. मी दरवेळी पिशवी मांडीवर घट्ट धरतो. हो म्हणायला तोंड उघडतो, आणि तोवर कंडक्टरची घंटा वाजलेली असते.